सात नंबरची खाट

आमच्या दवाखान्यातले कंपाउंडर हमीदभाऊ रोग्याचं तोंड पाहिल्याशिवाय बाटली भरत नसत. डॉक्टरांनी वॉर्डातून ओरडून औषध सांगितलं, की हे खल बाजूला ठेवून, हात पुसत थेट खाटेपाशी हजर. पापणी खाली ओढून बघायचे, गाव विचारायचे, गोंडीत दोन शब्द बोलायचे आणि मग डॉक्टरांनाच उलट सवाल टाकायचे, "साहेब, हे पोटुशी हाय. एवढं कोयनेल देऊ म्हन्ता?" डॉक्टर आधी चिडायचे, मग मात्रा कमी करायचे. यात दुपार निघून जायची, हेही खरंच.

स्वातंत्र्य येऊन पाच-सात वर्षं झाली होती. गडचिरोलीकडच्या रस्त्यावरचा तो तीस खाटांचा दवाखाना, आणि मी तिथला कारकून. माझं टेबल औषधांच्या खोलीतच होतं.

मग नवे डॉक्टर आले. शिस्तीचे, कामसू, मनाने मुळीच वाईट नव्हते. त्यांनी चिठ्ठ्या सुरू केल्या. चिठ्ठीवर खाटेचा नंबर, औषध, मात्रा आणि खाली त्यांची सही. चिठ्ठी खिडकीतून आत, चिठ्ठीसकट बाटली खिडकीतून बाहेर. रकाने मी आखले. नावाचा रकाना ठेवू का, असं मी विचारलंही होतं. "इथं निम्म्या बायका एकाच नावाच्या. नंबर पुरे," डॉक्टर म्हणाले, आणि मला ते पटलं.

कंपाउंडरने वॉर्डात जायचं नाही, असाही हुकूम निघाला. हमीदभाऊ दोनदा गेले आणि दोनदा लेखी ताकीद घेऊन आले. तिसऱ्यांदा नोकरीच जाणार होती. घरी आंधळी आई आणि चार लेकरं.

"कागदाले ताप येत नाई, बाबू," ते मला म्हणाले. "ज्याले येते, त्याले तर पाहू द्या."

मी हसण्यावारी नेलं. तासाभरात सगळी औषधं वाटून होत होती आणि माझ्या सुबक रकान्यांवर मी खूश होतो. डॉक्टरांची संध्याकाळची फेरीसुद्धा हळूहळू टेबलावरच होऊ लागली होती. समोर रजिस्टर घ्यायचं आणि चिठ्ठ्या लिहायच्या.

धान कापणीच्या दिवसांत हिवतापाची साथ आली. एटापल्लीकडून दसरू नावाचा माणूस बायकोला, जैनीला, बैलगाडीत घालून घेऊन आला. तिला सात नंबरची खाट मिळाली. पण तिकडची माणसं खाटेवर टिकत नसत. अंगाखाली जमीन नसली की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नसे. तासाभरात जैनी खाली उतरून भिंतीकडे निजली. रिकाम्या खाटेवर सकाळच्या नर्सबाईंनी पाय मोडलेली एक म्हातारी निजवली, बिचारीची सोय म्हणून. दुपारी आया आली आणि तिने सातची बाटली सातला पाजली.

दुसऱ्या दिवशी बाटल्या न्यायला आलेली आया खिडकीपाशी सहज बोलून गेली, "सातवाली बुढी म्हन्ते, कान गुंजून राह्यले."

हिवतापावरच्या कोयनेलने कान वाजतातच. पण हमीदभाऊंचा हात थांबला. जैनीला आत नेताना त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं.

"बुढी? ते तर तरणी पोरगी व्हती, बाबू. एकडाव जाऊन पाहू काय?"

"साहेब आतच बसलेत," मी म्हणालो. "चिठ्ठी बरोबर आहे ना? मग बसा की गुमान."

ते उभेच राहिले, दाराकडे बघत. मग बसले. मला तर वॉर्डात जायला कुणी अडवलं नव्हतं. मीही गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी जैनी गेली.

चौकशी झाली. जैनीचं औषध म्हातारीला गेल्याचं कळलं, पण चिठ्ठ्या, रजिस्टर, बाटल्या, सगळं जुळलं. कुणाचीच चूक निघेना. हमीदभाऊ डॉक्टरांसमोर उभे राहिले. "माझी चूक लिवा, साहेब. मले शक आला होता." डॉक्टरांनी मान वर केली नाही. "तुम्ही नियमाने वागलात, हमीद. जा आता," एवढंच म्हणाले.

हमीदभाऊंनी नोकरी सोडली आणि एटापल्लीच्या पलीकडे दसरूच्या गावी चालत गेले, खरं काय ते सांगायला. मग बायकापोरं आणि आईला घेऊन कायमचे चांद्याला निघाले, तेव्हा माझ्या ओट्यावर क्षणभर टेकले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"म्या त्याले सांगतलं, तुह्या बायकोले औषध भेटलंच नाई. मले वाटलं, आता कुऱ्हाड उचलन." ते उठले, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाले,

"तो म्हने, मले दिसत होतं भाऊ. दोन दिवस म्या तिच्यापाशीच बसून होतो. आयाबाईले म्हटलं, इले काई देल्लं नाई. तिनं कागद दाखोला, सातले देल्लं म्हने. कागदावर सायबाची सही होती. मंग मले वाटलं, देल्लं असन. मलेच दिसलं नसन."