चौथीच्या वर्गातून आलेली बोंब

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, रत्नागिरीतल्या एका प्राथमिक शाळेच्या संगीतशिक्षकाने, म्हणजे अस्मादिकांनी, एका शुक्रवारी दुपारी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं लग्न चौथीच्या वर्गात लावलं. नवरा नव्हता, नवरी नव्हती, जेवणावळही नव्हती. वऱ्हाड मात्र आलं, आणि ते अनवाणी धावत आलं.

शुक्रवारचा शेवटचा तास माझा. त्या तासाला आम्ही पेटी मिटतो आणि परदेशी जातो. जपानचे ढोल आम्ही बाकांवर बडवलेत, ब्राझीलचा ठेका खिचडीच्या ताटल्यांवर. शाळा भाट्याच्या खाडीवर, उंच कातळावर. खाली मच्छीमारांची वाडी. पोरांना खिडकीतून रोज समुद्र दिसतो. त्याच्या पलीकडेही माणसं राहतात आणि तीही गातात, एवढं त्यांना कळावं म्हणून माझी ही खटपट.

त्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या बायका लग्नात आनंदाने जीभ नाचवून एक उंच, थरथरता स्वर काढतात. तो मी फोनवर ऐकवला, मग स्वतः काढून दाखवला. शिंगरू खिंकाळल्यासारखा निघाला, पण निघाला. पोरांच्या जिभा मात्र काही नाचेनात. तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी घरगुती उपाय काढला: उलटा हात तोंडावर आपटायचा. होळीभोवती मारतात तीच बोंब. बघता बघता अख्खा वर्ग बोंबलू लागला आणि मी डोळे मिटून टाळ्यांचा ताल धरला.

आता, शिमग्यातली बोंब शिमग्यात. एरवी आमच्याकडे बोंब ऐकू आली की कुणाचं तरी घर पेटलेलं असतं, नाहीतर कुणीतरी बुडालेलं असतं. मी इथलाच, मला हे कुणी सांगायला नको. पण त्या घटकेला मी आफ्रिकेत होतो.

डोळे उघडले तर खिडकीतून दिसलं: वाडीतल्या बायका जांभ्याच्या पायऱ्या चढून शाळेकडे धावत येताहेत.

सकाळपासून वारा फिरला होता. पहाटे गेलेल्या होड्या परतल्या नव्हत्या. होडी गेली, एवढंच माझ्या डोक्यात आलं. पण कुणाची? वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप पाण्यावर होते. मी एकेका चेहऱ्याकडे बघत राहिलो, आणि ज्याच्याकडे बघावं त्याचाच बाप गेला असं वाटे. पोरांनीही खिडकीबाहेर पाहिलं. बोंब आपोआप थांबली.

पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली.

"सर, सगळ्यांच्या पुढं माझी आई आहे."

"हो गं, दिसली."

"माझी आई कधी धावत नाही."

ज्याला गप्प बसण्यासाठी बायको आजवर हात जोडत आली, त्या माणसाने नुसता फोन खिशात टाकला. मी जाऊन दारात उभा राहिलो. बायकांना आत घ्यावं की पोरीला बाहेर जाऊ देऊ नये, हेही कळत नव्हतं.

ती आई आली, तिने मला हाताने बाजूला सारलं आणि सगळ्या वर्गावरून नजर फिरवली.

"कोण गेलाय, मास्तर?"

"ते तुम्हीच सांगा," मी म्हणालो. "कुणाची होडी?"

"होडी?" तिचा चेहरा उतरला. "होडीचा काय झालाय?"

तेव्हा कुठे उलगडा झाला. बोंब ऐकून त्या पोरांसाठी धावल्या होत्या. त्यांना धावताना बघून मी होड्या बुडवल्या होत्या. मी घाईघाईने आफ्रिकेतलं लग्न सांगितलं. मागून आलेली एक म्हातारी मासळीवाली कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"तिकडं लग्नातच बोंब मारतात? हुशार आहेत. आमी लग्न झाल्यावर मारतो."

दोघी-तिघी हसल्या. ती आई हसली नाही. होडीचं नाव मी काढलं होतं आणि आता ते मला परत घेता येत नव्हतं. तिने नवऱ्याला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

आम्ही सगळेच पटांगणात आलो. तिथून खाडीचं तोंड स्वच्छ दिसतं. तिथे पाण्याखाली वाळूचा दांडा आहे, वाऱ्यात लाटा त्यावर फुटतात, आणि होड्या उलटतात त्या तिथेच. एक होडी आत आली. मग दोन आल्या. त्या त्या घरच्या बायका पोरांना घेऊन मुकाट्याने पायऱ्या उतरल्या. या पोरीच्या घरची येईना.

"मास्तर, तुम्ही काहीतरी बोला," म्हातारी म्हणाली. "एरवी बोलता की."

पोरीने आईचा पदर मुठीत धरला होता.

बऱ्याच वेळाने दांड्यापलीकडे त्यांची हिरवी होडी दिसली. ती तिथेच थांबली, लाटेचा अंदाज घेत. मग निघाली आणि दिसेनाशी झाली. समोर नुसता फेस. पोरीची आई एक पाऊल पुढे गेली. पुढे कड्याशिवाय काहीच नव्हतं. म्हातारीने तिचा दंड धरला.

होडी फेसाच्या अलीकडे वर आली, हलली, सरळ झाली, आणि शांत पाण्यात शिरली.

ती आई मटकन कातळावर बसली. मग तिने कपाळावर हात मारला.

"अगो बाय, मी भात गॅसवर तसाच टाकून आले."