सुतकातला सातवा दिवस

माझे दीर ज्योतीराम तळवड्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर होते. आधी तीन वर्षं चाकणला प्रेस मशीनवर उभं राहून, सुट्टीत कोर्स करून तिथवर पोचले. नोकरी माझ्या धाकट्या भावाने, जयदीपने लावली. त्यांचा वरिष्ठही तोच.

मी भाकरी थापत असताना एकदा त्यांनी त्यांचं काम मला समजावलं होतं. सँडबॉक्स म्हणजे कॉम्प्युटरमधलंच कुंपण घातलेलं आवार. नवे प्रोग्राम तिथं चालवून बघायचे, काही मोडलं तरी बाहेर झळ नाही. ते आवार रोज संध्याकाळी मोडतात. मोडण्याआधी आतल्या सगळ्या फायली जशाच्या तशा जपून ठेवायच्या, तो स्नॅपशॉट. दुसऱ्या दिवशी त्याच्यावरून आवार परत उभं करायचं. माउस नाही, काळ्या पडद्यावर नुसते हुकूम टाइप करायचे. "वहिनी, एक अक्षर चुकलं तर भलतंच पुसलं जातं," म्हणायचे. दीड वर्षात त्यांचं कधी चुकलं नाही. पुढच्या महिन्यात कायम होणार होते.

माघात सासरे गेले. आम्ही सगळे केजला गेलो. निघताना भाऊजींनी घेतलेल्या स्नॅपशॉटची मुदत सात दिवसांची होती. वाढवली नाही तर तो आपोआप पुसला जाणार. तिसऱ्या दिवशी त्यांनी लॅपटॉप काढला. मीच म्हणाले, "अहो भाऊजी, दहाव्यापर्यंत तरी हात लावू नका त्याला. जयदीपला सांगा की."

त्यांनी माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावला.

"एका ओळीचं तर काम आहे, राव. तुम्ही निवांत बसा, मी करतो," जयदीप म्हणाला.

त्याने केलं नाही. गिऱ्हाइकासाठी चार महिने केलेली त्या स्नॅपशॉटमधली मांडणी सातव्या दिवशी पुसली गेली. दुसरी प्रत नव्हती.

तेरावं उरकून परत आलो, तोवर जयदीपने वर कळवलं होतं, "मला कुणी सांगितलंच नाही." भाऊजींनी त्याला घरी बोलावलं. आवाज चढवला नाही.

"जयदीपराव, साहेबांना फक्त खरं सांगा."

"काय खरं? आपलं बोलणं झालं ते तुमच्या वडिलांबद्दल. कामाचा विषय कुठं निघाला? उगाच माझ्या गळ्यात घालू नका."

भाऊजी माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही तिथंच होतात. ऐकलंत ना?"

जयदीप खाली मान घालून बसला होता. त्याला मी कडेवर वाढवलंय. सकाळीच आईचा फोन येऊन गेला होता, "पोराचं वाटोळं करू नकोस."

मी म्हणाले, "मला त्या कॉम्प्युटरमधलं काय कळतं?"

कळत होतं. शब्दन् शब्द ऐकला होता. सुतक पाळा म्हणून सांगणारी मीच, आणि तेरावं होऊन चार दिवस नाहीत तोवर घरात उभी राहून खोटं बोलणारीही मीच.

भाऊजींनी राजीनामा दिला. आता महाळुंग्याला एका गोदामात आलेल्या मालाची नोंद करतात. खोलीही तिकडेच घेतली. सासऱ्यांच्या मासिकाला आले, जेवले, पानात वाढलं तेवढंच. मला "येतो" म्हणाले नाहीत, ह्यांना म्हणाले.

काल जयदीपच्या बढतीचे पेढे घेऊन आई आली. "आधी देवापुढे ठेव," म्हणाली. माझा हात उचलला गेला नाही.