बर्वेवहिनींनी जहाजाचं स्वयंपाकघर पाहिलं

किस्से म्हणजे घरातले रिकामे डबे. टाकवत नाहीत, आणि एक काढायला जावं तर वरचे चार डोक्यावर पडतात! आमची बँकेची जुनी मंडळी उज्जैनच्या फ्रीगंजात अजून चहाला जमते. कुणीतरी नुसतं "जहाज" म्हणायचा अवकाश, की पुढचा तासभर दुसरा विषय निघत नाही.

आधी मंडळी सांगते. बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची, म्हणजे व्हीआरएसची, योजना आणली तेव्हा आमच्या शाखेतल्या चौघांनी एकदमच अर्ज दिले. मॅनेजर दाणीसाहेब, हेड कॅशियर बर्वे, युनियनचे पुढारी पोरवालजी आणि सेव्हिंग्जच्या काउंटरवरची मी, म्हणजे कुलकर्णी मॅडम. त्या सुमाराला उज्जैनमध्येसुद्धा फॉरेन टूरच्या पाट्या लागायला लागल्या होत्या. सिंगापूरला जायचं आणि तिथून तीन रात्री जहाजावर! निरोपसमारंभातल्या समोशांबरोबरच बेत ठरला. आमचे हे म्हणाले, "मला क्षिप्रेत पाय बुडवायची भीती वाटते, तू समुद्र कुठला दाखवतेस?" ते घरी राहिले. बर्व्यांबरोबर मात्र त्यांच्या सौ. आल्या, आणि पुढचं सगळं रामायण त्यांच्यामुळे घडलं.

*

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. दाणीसाहेब आणि बर्वे यांचा अर्धा जन्म असा एकमेकांची वाट बघण्यात गेला.

जहाजावर दाणीसाहेब आणि पोरवालजी एका केबिनमध्ये होते. तिथल्या कपाटात छोटीशी तिजोरी होती, चार आकडी नंबरावर चालणारी. दाणीसाहेबांनी बर्व्यांना बोलावून घेतलं. पहिले दोन आकडे साहेबांनी लावले, तेव्हा बर्व्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पुढचे दोन बर्व्यांनी लावले, तेव्हा साहेबांनी! आत आम्हा सगळ्यांची परतीची तिकिटं ठेवली, आणि कुणी संपवू नये म्हणून पोरवालजींनी आपलं सेवचं, म्हणजे शेवेचं, पाकीटही आत सरकवलं.

रात्री जेवायला बसलो. माळव्यातला माणूस, त्याला पोह्यावर सेव, भाजीत सेव, नुसत्या हातावर सेव. पोरवालजी तिजोरीतली सेव आणायला उठले. पण बर्वे कुठं आहेत? डेकवर, समुद्र बघत. केवढं ते जहाज, शोधणार कुठं! पोरवालजी तडक रिसेप्शनवर गेले आणि तिथल्या मुलीला म्हणाले, "मैडम, हमारा आधा नंबर घूम रहा है."

तिला काय कळलं देव जाणे, पण जहाजभर इंग्रजीत घोषणा झाली, की मिस्टर बर्वे यांनी आपला अर्धा नंबर घेऊन ताबडतोब यावं. बर्वे धापा टाकत आले. त्यांना वाटलं, जहाज बुडतंय.

केबिनमध्ये तिजोरी उघडताना दाणीसाहेब पोरवालजींना म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

"साब, कमरा मेरा, सेव मेरी!"

"प्रोसीजर आहे," साहेब म्हणाले. पोरवालजी बाहेर थांबले.

*

आता बर्वेवहिनी. वहिनींचा एक नियम होता. ज्या स्वयंपाकघरात आपण डोकावलो नाही, तिथलं खायचं नाही. लग्न असो, बारसं असो, वहिनी अहेर देण्याआधी मांडवामागे जायच्या. तिथं कढया, हात, फडकी, पाण्याचे ड्रम, सगळं बघायच्या. पसंत पडलं तर पानावर बसायच्या, नाहीतर "उपास आहे" म्हणायच्या. त्यामुळे आठवड्यातले कुठलेही चार वार त्यांचे उपास असायचे.

माधवनगरातल्या एका लग्नात त्या हलवायाच्या खांद्यावरून कढईत बघत होत्या. तो वैतागून म्हणाला, "बाईजी, आप फूड इन्स्पेक्टर हो क्या?"

वहिनी म्हणाल्या, "नहीं भैया, मैं खानेवाली हूँ. इन्स्पेक्टर को तो घर जाके खाना है!"

हलवायाने मुकाट्याने हात धुतले.

*

जहाजावर स्वयंपाकघराच्या दारावर लाल पाटी होती, प्रवाशांना मनाई. वहिनींनी ती पाहिली आणि केबिनमध्ये जाऊन आपला डबा उघडला. दशम्या, मेतकूट, लाडू, चिवडा. आम्ही वर काचेच्या हॉलमध्ये बसून जेवायचो आणि वहिनी खाली पलंगावर बसून एकट्या दशमी खायच्या. मला त्यांचा राग यायचा. एवढ्या लांब यायचं आणि डबाच खायचा तर महाकालाच्या देवळामागे बसून खाल्ला असता!

तिसऱ्या दिवशी सकाळी डेकवर बर्वे भेटले. नोटा मोजताना ज्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही, ते बर्वे रडवेले झाले होते.

"मॅडम, दशम्या संपल्या. आता ती चिवड्यावर आली आहे."

"उद्या उतरायचंच आहे, मरत नाहीत वहिनी," मी म्हटलं.

"तसं नाही हो." ते कठड्याला टेकले. "लग्नाला तीसएक वर्षं झाली. ही आणि मी समोरासमोर बसून एकदासुद्धा जेवलो नाही. घरी ती मला वाढते आणि मग मागून जेवते. बाहेर जेवलीच, तर बायकांच्या पंगतीत. म्हटलं, जहाजावर हिला कुणाला वाढायचं नाही, उठायचं नाही. एकदा तरी समोर बसेल. मी तर आलोच त्यासाठी. समुद्राचं काय, तो टीव्हीवर पण दिसतो."

माझा राग पार गेला. आणि नेमका त्याच वेळी दाणीसाहेब जहाजाचं रोजचं माहितीपत्रक नाचवत आले. दुपारी जहाजाची पडद्यामागची सफर होती! त्यात इंजिनाची खोली वगळून सगळं दाखवणार होते. जहाज चालवतात ती जागा, कपडे धुतात ती जागा आणि स्वयंपाकघरसुद्धा. अट एकच, पायात बंद बूट हवेत.

बर्वे जिन्यावरून इतक्या जोरात खाली गेले, की त्या घोषणेलासुद्धा एवढे पळाले नव्हते.

*

सफर दाखवायला मार्गारेट नावाची गोव्याची मुलगी होती. हिंदी छान बोलायची. तिने आधी जहाज चालवण्याच्या जागेत नेलं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत काच, समोर नुसता समुद्र आणि आत कॉम्प्युटरच कॉम्प्युटर! सुकाणू कुठलं ते विचारलं, तर स्कूटरच्या हँडलपेक्षा छोटं चाक दाखवलं.

आमच्या शाखेत कॉम्प्युटर येऊ नये म्हणून पोरवालजींनी दारात धरणं धरलं होतं. आता त्यांनी तिथल्या तरुण अधिकाऱ्याला मार्गारेटतर्फे विचारलं, "पहले यहाँ कितने लोग काम करते थे?"

अधिकारी म्हणाला, पूर्वी बरेच असत. आता एकदोघं पुरतात.

पोरवालजी मागे वळून हळूच म्हणाले, "देखा साब? इनका भी वीआरएस हो गया!"

मग त्यांना दुसरी शंका आली. मध्य प्रदेशात त्या वर्षांत घरात लाइट असणं ही शेजाऱ्यांना सांगायची बातमी होती. "और लाइट चली गई तो?"

अधिकाऱ्याने सांगितलं, जनरेटर आहेत. एक बंद पडला तर दुसरा आहे. तोही बंद पडला तर वेगळा आणीबाणीचा आहे. पोरवालजींनी ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि अधिकाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"फिर भी भिया, एक मोमबत्ती रख लेना."

*

वहिनींचं ह्या सगळ्यात लक्ष नव्हतं. कपड्यांच्या जागेत चादरींना आपोआप घड्या घालणारं यंत्र होतं, तेसुद्धा त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. बर्वे त्यांच्या मागे मागे. शेवटी मार्गारेटने एक जाड स्टीलचं दार ढकललं आणि म्हणाली, "ये हमारा किचन."

आणि आम्ही काय केलं माहीत आहे? पाचही जणांनी बूट काढले!

ठरवून नाही. स्वयंपाकघराचा उंबरठा दिसला, पाय आपोआप मोकळे झाले. मॅनेजरपासून युनियनपर्यंत सगळे मोज्यांवर, आणि दाराबाहेर बुटांची ओळ. मार्गारेट किंचाळलीच, "नहीं, नहीं! शूज पहनिए! अंदर गरम तेल है, फर्श फिसलता है!"

आम्ही ओशाळून बूट चढवले. वहिनी मात्र अनवाणी उभ्या राहिल्या.

"बाहेरचे बूट घालून स्वयंपाकघरात? मी नाही यायची."

"ऑंटी, बिना शूज अंदर नहीं जा सकते," मार्गारेट हात जोडून म्हणाली.

बूट घालून वहिनी आत जाणार नाहीत, बूट न घालता जहाजवाले जाऊ देणार नाहीत, आणि आत गेल्याशिवाय वहिनी जेवणार नाहीत. बर्वे उंबरठ्याकडे बघत राहिले. तोंडाजवळ आलेला घास जातोय असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

एकदम ते म्हणाले, "सिंगापूरला बेबीसाठी कॅनव्हासचे बूट घेतलेत. कोरे आहेत. जमिनीला लागलेले नाहीत."

बेबी म्हणजे त्यांची मुलगी, मायलेकींच्या पायाचं माप एकच. वहिनींनी विचार केला. "कोरे असतील तर चालतील."

बर्वे पळत जाऊन खोका घेऊन आले. पण ते बूट बाहेरच्या गालिच्याला लागले तर पुन्हा बाहेरचे झाले! म्हणून वहिनींनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, दुसरा पोरवालजींच्या. एकेक पाय अधांतरी धरून त्यात बर्व्यांनी बूट चढवले आणि वहिनींनी ते पाऊल थेट उंबरठ्यापलीकडे टेकवलं. नऊवारी नव्हे तरी चांगली इरकल साडी, आणि खाली गुलाबी नाड्यांचे पांढरे बूट!

आत गेल्यावर त्यांचं लक्ष स्वयंपाक्यांच्या पायांकडे गेलं. सगळ्यांच्या पायात काळे बूट. वहिनींच्या कपाळावर आठी चढली. मार्गारेटने घाईघाईने सांगितलं, की हे बूट फक्त किचनचे आहेत, ते घालून कुणी बाहेर जात नाही आणि बाहेरचे घालून कुणी स्वयंपाकाला उभं राहत नाही.

वहिनींची आठी उतरली. वळून नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, म्हणजे हे सोवळ्याचे बूट!"

*

मुख्य स्वयंपाकी दारापेक्षा रुंद होता. तो कुठल्या देशाचा, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. सुरुवातीला हसत होता. वहिनींनी भाजी चिरायच्या पाट्यांबद्दल विचारलं. हिरव्या पाट्या शाकाहारी, लाल मांसाहारी, सुऱ्याही वेगळ्या. ठीक. वरणाच्या भांड्याचं झाकण काढायला लावलं. ठीक. मग फळीच्या मागच्या कडेवरून बोट फिरवलं आणि दिव्याखाली धरून पाहिलं. बोट कोरडं, स्वच्छ.

"फडकी कुठं वाळत घालता?"

मार्गारेटला हे भाषांतर करताना जरा त्रास झाला. स्वयंपाक्याने कपडे धुण्याच्या खोलीकडे बोट दाखवलं, फडकी रोज तिकडे उकळून निघतात म्हणाला. आता तो हसत नव्हता. टोपी काढून कपाळ पुसत होता. दाणीसाहेब माझ्या कानात म्हणाले, "ऑडिटच्या दिवशी मी असाच दिसायचो का हो?"

"याहून वाईट," मी म्हटलं.

शेवटी स्वयंपाक्याने मार्गारेटतर्फे विचारलं, मॅडमचं काय मत आहे?

सगळं स्वयंपाकघर थांबलं.

वहिनी म्हणाल्या, "भूक लागलीय."

*

त्या रात्री खिडकीजवळचं दोघांचं टेबल आम्ही बर्व्यांसाठी मुद्दाम धरून ठेवलं आणि आपण शेजारच्या टेबलावर बसलो. शेजारच्या म्हणजे अगदी शेजारच्या. खोटं कशाला बोलू, सगळं ऐकू यावं म्हणूनच बसलो.

वेटरने वहिनींची खुर्ची ओढली, त्या अवघडून बसल्या. समोर बर्वे. दोघांपुढे वरण, भात, बटाट्याची भाजी आली. वहिनी सवयीने वाढायला उठू लागल्या, तर वेटरच मध्ये आला. बसल्या. वरणभाताचा पहिला घास घेतला. आम्ही तिघं माना वळवून बघत होतो.

"मीठ कमी आहे," वहिनी म्हणाल्या आणि दुसरा घास घेतला. पोरवालजींनी टेबलाखाली माझ्याशी हात मिळवला.

बर्वे जेवायला लागले. वहिनी जेवता जेवता त्यांच्याकडे बघायला लागल्या. बघतच राहिल्या. त्यांचा हात ताटातच थांबला.

"अहो, तुम्ही एकाच बाजूनं चावता."

बर्वे म्हणाले, "हो. उजवीकडची दाढ दुखते."

"कधीपासून?"

"झाली दोन-तीन वर्षं."

"आणि मला कसं दिसलं नाही?"

बर्वे भात कालवत म्हणाले, "मी जेवत असायचो तेव्हा तुझं तोंड गॅसकडे असायचं ना."