स्वाती कुर्रर्र!

परवा पंचवटीत एका बारशाला गेले आणि घुगऱ्यांच्या वासासरशी सायखेड्याचं माहेरचं अंगण आठवलं. तेव्हा तिथं भावाला तिसरी मुलगी झाली होती. आईनं हुकूम सोडला, "नाव नकोशी ठेव, मग पोरगा हुईल."

पण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा! दिवेलागणीला पूर्वेकडे स्वातीचा तारा उगवला होता. नारिंगी, ठसठशीत, आणि खरं तर सूर्याहून कितीतरी मोठा. मी पाळण्यात वाकले. जावळाला वेखंडाचा वास होता.

"स्वाती!" मी चांगलं ठणकावून सांगितलं. "कुर्रर्र!"

"अगं भवाने, काय केलं हे?"

"कानात गेलं, आई. आता काढता येतंय का बघ!"

वहिनीनं पदरात तोंड लपवलं. ती हसतेय असं मला तेव्हा वाटलं. ती सुटकेनं रडत होती, हे आता कळतं.