तंबूत बोलावलेला सरदार

इंग्रजी शाळेत मला बक्षीस म्हणून एक पुस्तक मिळालं होतं. अमेरिकेतल्या अपाची या आदिवासी लोकांच्या, गेल्या शतकातल्या एका सरदाराचं चरित्र. मी हैदराबादला मामूंकडं राहून शिकत होते. निजामाच्या राज्यात गडबड वाढली तशी शाळा सुटली आणि ते पुस्तक घेऊन मी सोनारीजवळच्या आमच्या गावी परत आले. अब्बा गावच्या शाळेत मास्तर. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. दुपारी ते बाजेवर पडायचे आणि मी एकेक पान वाचून आमच्या बोलीत सांगायचे. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण तेव्हा मी थांबायचे नाही.

एक प्रकरण त्यांनी दोनदा सांगायला लावलं. एका गोऱ्याच्या मळ्यावरून मूल पळवलं गेलं. काम दुसऱ्याच टोळीचं होतं. फौजेच्या अंमलदारानं या सरदाराला बोलावलं, दगा होणार नाही म्हणून तंबूवर पांढरं फडकं लावलं. सरदार बायको, भाऊ, पुतणे यांना घेऊन गेला. मनात भांडण असतं तर बायकोला नेलं नसतं. आत कॉफी दिली, मग आळ घेतला. बाहेर शिपायांचा वेढा. त्यानं सुरीनं तंबू फाडला आणि डोंगराकडं पळाला. मागं राहिलेल्या भावाला आणि पुतण्यांना फाशी दिलं. त्यानंतर कित्येक वर्षं तो गोऱ्यांशी लढत राहिला.

"फडकं पांढरंच होतं ना?" अब्बा विचारायचे.

"हो."

"मग त्याचं काय चुकलं?"

अब्बांना उर्दू चांगलं वाचता यायचं, म्हणून चावडीवर सरकारी हुकूम वाचायचं काम त्यांच्याकडं होतं. सरकारला धान्य घालायच्या लेव्हीचा हुकूम, हत्यारं जमा करायचा हुकूम. काढणारे दुसरेच होते, पण गावानं ते सगळे अब्बांच्या आवाजात ऐकले. हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य संपलं आणि शेजारच्या गावातल्या मुसलमानांच्या घरांचा धूर दिसायला लागला, तेव्हा म्हणूनच अम्मीनं त्यांना भर दुपारी मागच्या दारानं बाजरीत धाडलं. बाजरी माणसाहून उंच होती. दोन दिवस मी जळणाच्या पाटीत भाकरी लपवून बांधावर ठेवून येत होते. हाक मारायची नाही, असं ठरलं होतं. आधीची भाकरी उचललेली दिसली की ते जिवंत आहेत असं समजायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाटील आले. मागं दोघं गडी, खांद्यावर कुऱ्हाडी.

"मास्तरला बोलवा. माझ्या घरी नेतो. बाहेरची माणसं आली तर मला आवरणार न्हाईत." त्यांनी धोतराच्या सोग्याची गाठ सोडून हळद दाखवली. "भैरोबापुढं बेलभंडारा उचलून आलोय. मास्तरच्या केसाला धक्का लागला तर माझं घर बुडंल."

बेलाची पानं आणि हळद हातात घेऊन खोटं बोललं तर वंश राहत नाही, असं आमच्याकडं सगळेच मानतात. आम्हीसुद्धा. पण मला ती हळद पांढऱ्या फडक्यासारखी दिसत होती.

अम्मी दाराआडून हळूच म्हणाली, "तू शिकलेली आहेस. तूच सांग." इंग्रजी शिकलेल्याला माणूस कळतो, असं घरात सगळ्यांना वाटायचं.

"अब्बा हैदराबादला गेलेत," मी म्हणाले.

पाटलांनी उंबऱ्याशी पाहिलं. "अनवाणी? वहाणा तर हितंच हायेत."

एक गडी हसला. "नवाबाची मोटार आली आसंल न्यायला."

"तुझं तोंड लई चालतंय," पाटील त्याला म्हणाले. "जावा दोघंबी घरला."

ते गेले. पाटील ओट्यावर बसले. "तुला भ्या वाटतंय, पोरी. वाटंलच. म्या बसतो हितं. पर येळ लई न्हाय."

मी कवाडाला धरून उभी होते. सांगितलं आणि शब्द खोटा निघाला, तर अब्बांना मीच धरून दिल्यासारखं झालं असतं. नाही सांगितलं, तर कुणीही विळा घेऊन बाजरीत शिरलं असतं. धुराच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू यायला लागला.

"चला पाटीलकाका," मी म्हणाले. "एकटेच या."

ते माझ्या मागून चालत होते. त्यांचं प्रत्येक पाऊल मला ऐकू येत होतं. एकदा मी मुद्दाम विहिरीकडं वळले. तेही वळले. मग मीच परत फिरले. बांधावर पोचल्यावर आवाज फुटेना. दुसऱ्या खेपेला "अब्बा" असं नीट ऐकू जाईल इतकं म्हटलं, तेव्हा बाजरी हलली. दाढीत कोंडा, ओठ सुकलेले. त्यांनी पाटलांकडं पाहिलं, पण विचारलं मला.

"येऊ का, बेटी?"

मी मान हलवली.

नऊ दिवस आम्ही तिघं पाटलांच्या कडब्याच्या खोलीत राहिलो. बाहेरची माणसं दोनदा आली. दोन्ही वेळा पाटील दारात आडवे उभे राहिले.

पाटील आमच्याकडं आले त्याच दिवशी पलीकडच्या एका गावात असाच शब्द देऊन दोघांना घराबाहेर बोलावलं होतं. ते परतले नाहीत. तिथंही बेलभंडारा उचलला होता म्हणतात.

अब्बा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगतात, माझ्या लेकीनं माणूस ओळखला. मी तेव्हा उठून आत जाते. मी ओळखलं नव्हतं.