शटरमधला बिब्बा

सुलोचनाबाईंना जावेचं काहीच बघवत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बोरगाव मेघेतल्या एका गल्लीत दोन भावांची दोन घरं समोरासमोर. इकडे थोरल्या रूपरावांचं जुनं घर, त्याचं लोखंडी फाटक बिजागरीतून खचलेलं. उघडायचं तर आधी दोन्ही हातांनी उचलावं लागे आणि मग कंबर धरून उभं राहावं लागे. तिकडे धाकट्या सचिनचं दोन मजली नवं घर, खाली गाडीसाठी गॅरेज आणि गॅरेजला मोटरवर चालणारं शटर. सचिनची बायको मोहिनी गाडीत बसल्या बसल्या रिमोटचं बटण दाबायची आणि शटर घुर्रर्र करत वर जायचं. तो आवाज आला की सुलोचनाबाईंचे हात कणकेत असले तरी मान खिडकीकडे वळायची.

पण शटर हे निमित्त. खरं दुखणं होतं सासूचं. मनकर्णाबाईंचं पथ्यपाणी, त्यांचे पाय चेपणं, त्यांची बोलणी खाणं, सगळं सुलोचनाबाईंनी सून म्हणून आल्या दिवसापासून केलं. आणि धाकट्याचं घर उभं राहिलं तसं म्हातारीनं आपली पत्र्याची पेटी उचलली आणि रस्ता ओलांडला. गुडघे वाकत नाहीत आणि तिकडे खुर्चीचा संडास आहे, एवढंच म्हणाली. कारण खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. भांडायलाही जागा ठेवली नाही.

संक्रांतीनंतर ते शटर बिघडलं. सरसर खाली यायचं, गुडघाभर फट उरली की थबकायचं आणि आल्या पावली परत वर. मोहिनी पुन्हा बटण दाबायची, शटर पुन्हा तेच करायचं. गाडी रात्रभर उघड्या गॅरेजात. सुलोचनाबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी त्या दिवशी शिरा केला. रूपरावांनी विचारलं, आज काय विशेष? म्हणाल्या, रवा उरला होता.

शटरचा मिस्त्री आला, अश्वजित. त्यानं मोटर उघडून पाहिली, पट्ट्यांना तेल दिलं, बटण दाबलं, तर शटर शहाण्यासारखं जमिनीला टेकलं. तो गेला आणि संध्याकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्या खेपेला त्यानं दाराच्या दोन्ही बाजूंना खाली बसवलेले सेन्सरच बदलले. या दोन डोळ्यांच्या मधे काही आलं की शटर आपोआप माघारी जातं, लेकरूबाळ खाली सापडू नये म्हणून, असं तो मोहिनीला समजावत होता. सुलोचनाबाई तेव्हा आपलं झाडलेलं अंगण परत झाडत होत्या, त्यामुळे त्यांनाही नीट ऐकू आलं. त्याच्यासमोर शटर बंद झालं आणि त्याची मोटरसायकल वळणाआड गेल्यावर काही वेळानं पुन्हा अडलं.

शनिवारी सुलोचनाबाईंना सगळा उलगडा झाला. मोहिनीनं शटरच्या खालच्या पट्टीला, आतल्या अंगानं, ताजं लिंबू-मिरची बांधलं. दोऱ्याच्या टोकाला काळाभोर बिब्बा. शटर वर असलं की ते कुणाच्याही दारावर असतं तसं चौकटीशी लोंबायचं. शटर खाली यायला लागलं की त्याच्याही आधी वीतभर तेच खाली यायचं आणि बरोबर त्या दोन डोळ्यांच्या मधे. अश्वजित काम करताना डोक्याला लागतं म्हणून ते काढून बाजूला ठेवायचा, आणि तो गेला की मोहिनी भक्तिभावानं परत बांधायची. नजर लागू नये म्हणून!

सुलोचनाबाई बोलल्या नाहीत. का बोलावं? आपण होऊन आपला आनंद कोण घालवतं? रोज संध्याकाळी त्या ओसरीवर पाटीभर तूर निवडायला घेऊन बसू लागल्या आणि शटरची वरखाली बघू लागल्या. झोपही बरी लागायला लागली.

मग एके दिवशी दोन्ही घरची भांडी घासणारी पंचफुला सांगत आली, की मनकर्णाबाईंनी निदान केलं आहे. मिस्त्रीसमोर चालतं आणि तो गेला की अडतं, तर हे मशीनचं दुखणं नव्हे, समोरच्या घरच्या नजरेचं आहे. शटरमधे बिब्बा घातला तो थोरलीनं. सुलोचनाबाई आधी हसल्या. पण त्याच संध्याकाळी शेजारची सून तान्ह्याला कडेवर घेऊन फाटकाशी आली, सुलोचनाबाईंनी गालाला हात लावायला पुढे केला आणि त्या पोरीनं बाळावर झटकन पदर ओढला. त्याला झोप आली म्हणे. बाळ तर टकामका बघत होतं.

ते मात्र काळजाला लागलं. आपण जळतो हे त्यांनी स्वतःपासून कधी लपवलं नव्हतं. पण जळणारी बाई वेगळी आणि नजरेची बाई वेगळी. पहिलीबरोबर लोक चहा पितात, दुसरीपासून लेकरं झाकतात. सांगावं तर मोहिनीचं शटर जन्मभर सुखानं घुरघुरणार. न सांगावं तर गल्लीतली लेकरं पदराखाली जाणार. आणि हे नाव ठेवलं होतं सासूनं. रात्रभर त्या कूस बदलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मनकर्णाबाई मुठीत मीठ-मिरच्या घेऊन शटरवरून उतरवायला उभ्या राहिल्या, तेव्हा मात्र सुलोचनाबाईंना राहवलं नाही. त्या तरातरा रस्ता ओलांडून गेल्या, हात वर करून लिंबू-मिरची ओढून काढलं आणि सासूच्या पायाशी टाकलं.

"दाब आता बटन," त्या मोहिनीला म्हणाल्या.

शटर खाली आलं आणि टेकलं. मोहिनीनं वर नेलं, परत खाली आणलं. परत टेकलं.

"मी नाई घातला बिब्बा. तुमचाच बिब्बा अडून राह्यलता त्या डोळ्यांच्या मंधी."

मनकर्णाबाईंनी शटरकडे पाहिलं, मग थोरल्या सुनेकडे. "पाह्य मोहिनी," त्या म्हणाल्या, "जिची लागली, तिनंच काढली."

रागानं नाही म्हणाल्या. ऊन पडलंय म्हणावं तसं म्हणाल्या. सुलोचनाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. खरं सांगूनही हेच असेल, तर मग उरलेलंही सांगून टाकावं.

"आई, मी जळून राह्यली, खोटं नाई. पन लोखंडावर काऊन जळू मी? तुमी पेटी घेऊन निंघाल्या न, तवापासून जळून राह्यली."

म्हातारीच्या मुठीतलं मीठ घामानं ओलं झालं असावं. तिनं ते हळूच नालीत टाकलं आणि लुगड्याला हात पुसला. मग तिनं विचारलं, की आज घरी काय केलं आहे. पातोड्यांची भाजी, सुलोचनाबाई म्हणाल्या.

"मंग आज तुह्याकडंच जेवतो," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि आधारासाठी हात पुढे केला.

"जा न आई," मोहिनी हसून म्हणाली. रस्त्याच्या मध्यावर सुलोचनाबाईंनी मागे वळून पाहिलं. शटर आता चांगलं चालत होतं, तरी मोहिनी ते उगाच वर नेत होती, खाली आणत होती, आणि तिचे डोळे शटरवर नव्हते. सासूच्या हातावर होते. ते बघणं सुलोचनाबाईंच्या चांगल्या ओळखीचं होतं. त्यांनी म्हातारीचा हात आणखी घट्ट धरला आणि पुढची पावलं मुद्दाम हळू टाकली.