चारच्या उन्हातला पिवळा

आई गेल्यावर मी पुण्यातली खोली सोडून सांगलीला आले, ती वडिलांना, म्हणजे अप्पांना, सोबत म्हणून. काम घरूनच चालतं, त्यामुळे नोकरी सोडावी लागली नाही. आता सोबत म्हणायची ती म्हणायला. प्रत्यक्षात मी मागच्या खोलीत लॅपटॉपपुढे, अप्पा पुढच्या गॅलरीत खुर्चीवर आणि मध्ये स्वयंपाकघरात कुकर. तिघांत जास्त तोच बोलायचा. “जेवलीस?” “हो. तुमची गोळी?” “घेतली.” एवढ्यावर आमचा दिवस उरकायचा. आईला आम्हा दोघांशी बोलता यायचं, आम्हाला एकमेकांशी यायचं नाही, हे ती गेल्यावर कळलं. मला फार एकटं वाटायचं. अप्पांनाही तसंच वाटत असेल, हे मात्र बरेच दिवस डोक्यात आलं नाही. माझं डोकं अशा बाबतीत उशिराच चालतं.

माझं काम म्हणजे मोबाईलवरच्या ॲपची बटणं, चौकटी, सूचनांच्या पट्ट्या तयार करणं. आमच्याकडे त्यासाठी एक साधन आहे. त्यात प्रत्येक वस्तू सुटी बघता येते. कोऱ्या पानावर एकटं एक बटण, दुसरं काही नाही. त्या साधनात थीम बदलायची सोय करायचं काम माझ्याकडे आलं. वर कोपऱ्यात सूर्य आणि चंद्र अशी दोन चित्रं. सूर्य दाबला की वस्तू उजळ पानावर दिसायची, चंद्र दाबला की काळ्या. सोय चार दिवसांत झाली. खरं काम पुढे होतं, प्रत्येक वस्तू दोन्हीकडे नीट दिसते का ते बघायचं. पडदे ओढून मी दिवसभर तेच बघत बसायचे.

एका दुपारी चारच्या सुमाराला अप्पा चहा झाला का विचारायला आले आणि माझ्या मागे उभे राहिले. कुणी मागे उभं राहिलं की माझं टाळकं सरकतं. “रंग बघतेय,” मी तुटकपणे म्हणाले.

“हितं? पडदं लावून?” अप्पा हसले. “यार्डात आसा कुणी माल बघितला आसता तर हाकलून दिला आसता त्याला.”

अप्पा मार्केट यार्डात एका अडत्याकडे हळद पारखायला होते. सगळी उमर त्यात गेली. दुकानाच्या आत ते कधी माल बघायचे नाहीत. मूठभर हळकुंडं घ्यायची, दारापर्यंत यायचं, एक मोडायचं आणि आतला रंग उन्हात धरायचा. मग दोन पावलं मागे, सावलीत, पुन्हा तोच रंग. दोन्हीकडे तसाच टिकला तर माल खरा.

वाद घालण्यापेक्षा बरं म्हणून मी लॅपटॉप उचलून गॅलरीत नेला. सूर्य दाबला. अप्पा वाकून बघत राहिले. “ह्या पट्टीवर काय लिवलंय? मला दिसंना.”

मलाही दिसेना. कुणीतरी त्या पट्टीच्या अक्षरांना पिवळा रंग कायमचा लावून ठेवला होता. काळ्यावर तो उठून दिसायचा, पांढऱ्यावर विरून जायचा. पडद्याआड बसून मी ती पट्टी तीनदा पास केली होती. चूक दुरुस्त केली, तेव्हा ऑफिसच्या गटात कुणीतरी अंगठा टाकला. अप्पांना मी चहाचा आणखी एक कप दिला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते धुतलेला सदरा घालून गॅलरीत बसले होते. शेजारी दुसरी खुर्ची. “दाव,” म्हणाले.

मग रोजच. मी सूर्य दाबायचे, चंद्र दाबायचे, अप्पा पुढे वाकून “बरं हाय” म्हणायचे आणि बोलायला लागायचे. राजापुरी हळद कशी, सेलम कशी, ओला माल कसा आवाजावरून कळतो, कुणी कुणाला कसं फसवलं. इतकं माझे वडील माझ्याशी जन्मात बोलले नव्हते. साडेतीनपासून माझं कामात लक्ष लागायचं नाही.

आणि मग वस्तू संपल्या. दाखवायला काही उरलं नाही. चार वाजता जाऊन काय सांगायचं, या विचाराने मी धास्तावले. म्हणून मी एक उद्योग केला. त्यांनी आधी बघितलेलं “पुढे जा” हे बटण घेतलं आणि अक्षरांना बटणाचाच रंग दिला. आंधळ्यालाही कळेल अशी चूक. अप्पा ती पकडतील, मला चार शब्द सुनावतील, अजून आठवडाभर निघेल.

“‘पुढे जा’चं बटण,” मी म्हणाले. अप्पा वाकले. बराच वेळ घेतला. बटणावर बोट ठेवलं. “पुढे जा,” त्यांनी वाचलं. “झकास हाय. आक्षर बी ठळक.”

“अप्पा, तिथं अक्षरंच नाहीत,” मी म्हणाले. जीभ आवरायला हवी होती. ती माझी कधी आवरत नाही.

अप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “वाचायचं जाऊन लय दिस झालं,” म्हणाले. “रंग कवातरी कळतोय, कवा न्हाई.”

“मग रोज काय बघत होता?”

“तू दावत हुतीस न्हवं?” ते उठले आणि आत गेले.

मिरजेच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आतला पडदा सुकत चाललाय म्हणून सांगितलं. गेलेलं परत येणार नाही. येताना रिक्षात आम्ही दोघं दोन बाजूंना बघत होतो. त्यानंतर चार वाजता गॅलरीत खुर्ची असायची, अप्पा आतल्या खोलीत कॉटवर. पुन्हा गोळी, पुन्हा कुकर. माझ्याच हाताने मी ते घालवलं होतं, आणि त्याचं मला रडू यायचं.

पंधरा दिवसांनी ऑफिसमधून एक नवी पट्टी मागितली. इशाऱ्याची, पिवळी, वर काळी अक्षरं. मी लॅपटॉप घेऊन कॉटपाशी गेले. “अप्पा, रंग ठरवायचाय.”

“मला काय इचारतीस?”

“मी बघते. तुम्ही ठरवा. पिवळा आहे.”

ते कॉटवर उठून बसले. “पिवळा म्हंजे कसला? राजापुरी का सेलम?”

सांगलीत जन्मून मला ते सांगता येईना. मग अप्पा उठले, कपाटातला जुना डबा चाचपून काढला आणि एक हळकुंड माझ्या हातात दिलं. लॅपटॉप घेऊन आम्ही दोघं गॅलरीत आलो आणि उंबऱ्यावर बत्त्याने मी ते मोडलं. “वाळलेलं हाय,” आवाज ऐकूनच ते म्हणाले. “आता उन्हात धर. आन खरं सांग.”

मी हळकुंडाकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं. “पट्टी फिकी आहे.”

“मग वाढीव.”

वाढवला. पुन्हा बघितलं. “आता सारखा आहे.”

“सावलीत?”

मी चंद्र दाबला. “तिथंही टिकलाय.”

“मग खरा हाय,” अप्पा म्हणाले. मोडलेला दुसरा तुकडा त्यांनी नाकाशी धरला होता. “उद्या काय हाय?”

उद्याला काहीच नव्हतं.

“निळा,” मी म्हणाले.